मऊ सिलिकॉनचं बोट: साचा, जोड आणि आतली द्रव तार

हवा भरली की वाकणारं, सोडली की सरळ होणारं सिलिकॉनचं बोट आणि ते किती वाकलं हे सांगणारी ताणली जाणारी वाहिनी, या दोन गोष्टी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बनू शकतात. थ्रीडी प्रिंटर, दागिने तोलायचा छोटा काटा आणि एक व्हॅक्युम पंप एवढं असलं तरी भागतं. अशी तीन बोटं एका चकतीवर बसवली की पकड तयार. खानदेशात तिची परीक्षा घ्यायला माल शोधावा लागत नाही. बामणोदकडचं भरताचं वांगं आहे, रावेर-यावलची केळी आहेत. दोन्हींची साल नाजूक. लोखंडी चिमट्याचा डाग वांग्यावर लगेच दिसतो, केळ्यावर दुसऱ्या दिवशी.

सामान आणायच्या आधी एक हिशेब डोक्यात पक्का करा. तांब्याचा ताठरपणा सुमारे १२० गिगापास्कल असतो. इकोफ्लेक्स ००-३० हे मऊ सिलिकॉन दुप्पट ताणायला जेमतेम ०.०७ मेगापास्कल लागतात. फरक सतरा लाख पटींच्या घरातला आहे. साधी तांब्याची तार सिलिकॉनमध्ये पुरून ओढली तर सिलिकॉन ताणतं, तार ताणत नाही, आणि तारेच्या टोकाशी फाटायला सुरुवात होते. हवेची नळी, कापड, प्लास्टिकची चकती, सगळीकडे हीच गत. मऊ वस्तू मध्यभागी क्वचितच फाटते, ती जोडावर फाटते. म्हणून खाली जोडांवर जास्त लिहिलं आहे आणि प्रोग्रॅमवर कमी.

हवेच्या कप्प्यांचं हे बोट हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने पुढे आणलं. चार पायांचा, रांगत अरुंद फटीतून सरकणारा त्यांचा रोबो २०११ मधला. त्या रचनेत सगळे कप्पे एकाच ठोकळ्यात होते, त्यामुळे वाकायला हवा भरपूर लागायची. २०१४ मध्ये त्याच गटाने कप्पे एकमेकांपासून सुटे केले. हवा भरली की शेजारच्या पातळ भिंती फुगून एकमेकींना रेटतात आणि बोट झटकन वाकतं. इथे हीच सुट्या कप्प्यांची रचना घेतली आहे.

कोणतं सिलिकॉन

मूर्ती आणि पीओपीच्या साच्यांसाठी दुकानात मिळणारं, थोडं हार्डनर टाकून घट्ट होणारं रबर बहुतेक वेळा टिन वर्गातलं, म्हणजे टिनच्या संयुगाने घट्ट होणारं असतं. ते स्वस्त पडतं, पण आक्रसतं आणि काही वर्षांत ठिसूळ होतं. या कामाला प्लॅटिनम वर्गातलं, म्हणजे प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं, ‘ए’ आणि ‘बी’ समान मापाने मिसळायचं सिलिकॉन घ्या. बोटाच्या अंगासाठी ड्रॅगन स्किन २०: मिसळल्यावर हातात २५ मिनिटं, साच्यातून काढायला ४ तास. आतल्या वाहिनीच्या पट्टीसाठी इकोफ्लेक्स ००-३०: हातात ४५ मिनिटं, साच्यात ४ तास, आणि मूळ लांबीच्या नऊपट वाढेपर्यंत तुटत नाही. पातळ असल्याने ते बारीक खाचांत आपोआप उतरतं. ड्रॅगन स्किन मधासारखं घट्ट असतं, त्यातले बुडबुडे काढायला व्हॅक्युम लागतोच.

दोन्ही एकाच कंपनीची आणि एकाच रसायनाची आहेत, त्यामुळे एकमेकांना चिकटतात. टिन वर्गाचं रबर मध्ये आणलंत तर त्याला लागून असलेलं प्लॅटिनम सिलिकॉन चिकटच राहील.

मे महिन्याचा प्रश्न

डब्यावरच्या वेळा २३ अंशांच्या आहेत. जळगाव-भुसावळला मे महिन्यात दुपारी पारा ४३-४४ वर असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हातातला वेळ साधारण निम्मा होतो, असा ढोबळ हिशेब धरा. म्हणजे २५ मिनिटांची सहा-सात मिनिटं उरतात. ढवळायला तीन, व्हॅक्युमला तीन, की ओतायच्या वेळी कपात लापशी झालेली असते. मग लोक जोर लावून ती साच्यात दाबतात, आत हवेचे खिसे राहतात, आणि पंधरा दिवसांनी बोट नेमकं तिथेच फुटतं.

उपाय साधे आहेत. ओतण्याचं काम सूर्य उगवायच्या आत उरका. मिसळायचा कप स्टीलच्या पातेल्यात माठाच्या पाण्यात बसवा. कोरड्या हवेमुळे मे महिन्यात आपल्याकडचा माठ चांगलाच गार होतो आणि ते पाणी पुरतं. ‘ए’ आणि ‘बी’चे डबे फ्रिजमध्ये ठेवायचे असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. गार डबा उघडला की त्यावर दव धरतं. या सिलिकॉनच्या एका भागातला हायड्रोजन पाण्याशी गाठ पडली की सुटतो, आणि व्हॅक्युम देऊनही बुडबुडे येतच राहतात. पावसाळ्यात हे जास्त छळतं.

थंडीत उलटं. धुळ्याला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, आणि संध्याकाळी ओतलेलं बोट सकाळीही चिकट लागतं. सिलिकॉन वाया गेलं असं समजून ते फेकू नका. थर्माकोलच्या खोक्यात ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून साचा आत ठेवा, पण खोक्यातलं तापमान ४५ च्या वर जाऊ देऊ नका. पीएलएचे (थ्रीडी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचे) साचे ५५-६० अंशांना मऊ पडतात आणि वाकडे होतात. याच कारणाने ते उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवू नयेत.

चिकट राहणारं सिलिकॉन

प्लॅटिनमला गंधक, अमाइन आणि टिनची संयुगं मारक असतात. प्रत्यक्षात घात कुठे होतो ते बघा. लॅटेक्सचे पांढरे हातमोजे घातले की ते लागतील तिथे सिलिकॉन बसत नाही, म्हणजे घट्ट होत नाही, म्हणून व्हिनाइलचेच घ्या. साच्याची फट बुजवायला वापरलेल्या मॉडेलिंग क्लेमध्ये बऱ्याचदा गंधक असतं. एम-सीलसारखी दोन भागांची पुटी, सोल्डरचा उरलेला फ्लक्स, रेझिन प्रिंटरवर काढलेला अर्धकच्चा साचा, रबर बँड, हे सगळे त्याच यादीत येतात. फिलामेंटच्या प्रिंटरवरचा पीएलए निर्धोक आहे, आणि म्हणून इथे त्याचाच आग्रह.

चिकटपणा कुठे आहे यावरून कारण ओळखता येतं. पृष्ठभागावर ठिपक्या-ठिपक्यांनी असेल तर काहीतरी लागलेलं आहे. सगळं बोटच लिबलिबीत असेल तर प्रमाण चुकलं आहे. मधूनच एखादी ओली रेघ दिसली तर कपाच्या कडेचं न ढवळलेलं साच्यात गेलं आहे. नवीन साचा किंवा नवीन कापड असेल तर पाच ग्रॅमचा नमुना त्याच्यावर ओतून बघा.

साचा

एका बोटाची मापं: लांबी १०३ मिमी, रुंदी २० मिमी, कप्प्यांची उंची १५ मिमी. कप्पे ११, प्रत्येक ८ मिमी लांब, दोन कप्प्यांत १.५ मिमी फट. एकमेकांसमोरच्या भिंती १.२ मिमी, बाजूच्या आणि वरच्या भिंती २.५ मिमी. सगळे कप्पे तळाशी २ मिमी रुंद, २ मिमी उंच वाटेने जोडलेले. समोरासमोरच्या भिंती पातळ आणि बाकीच्या जाड, हे प्रमाण बिघडवू नका. सगळ्याच भिंती सारख्या जाडीच्या ठेवल्या तर बोट वाकण्याऐवजी वरून फुगतं.

साचे तीन लागतात: वरच्या अंगाचा बाहेरचा डबा, त्यात उलटा बसणारा गाभा (याच्या दातांच्या जागी कप्प्यांची पोकळी राहते), आणि तळाची उथळ थाळी. प्रिंटचा थर ०.१२ मिमीचा ठेवा. गाभ्याच्या दातांवर प्रिंटच्या रेघा खडबडीत राहिल्या तर १.२ मिमीच्या भिंतीवर त्याच रेघांच्या खाचा उमटतात आणि चीर तिथून सुरू होते. दात आधी ४०० च्या, मग ८०० च्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा. दातांना एक अंश उतार दिलात तर गाभा सहज सुटतो. डब्याच्या आणि गाभ्याच्या कोपऱ्यांत खुंटी आणि भोक ठेवा. गाभा अर्धा मिमी सरकला तरी एक भिंत ०.७ आणि समोरची १.७ होते. मग बोट दर वेळी तिरकं वाकतं आणि माणूस प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसतो.

ओतणं

वरच्या अंगाला साधारण १७ घन सेंमी, म्हणजे १९ ग्रॅमच्या आसपास सिलिकॉन लागतं. कपाला, काडीला चिकटून जाणारं धरून ३० ग्रॅम मिसळा, १५ अधिक १५. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. जळगावच्या सराफ बाजारात वावर असेल तर असा काटा मिळायला अडचण नाही. चमच्यांच्या मापाने किंवा नजरेने घेऊ नका.

दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळा, कड आणि तळ खरवडत. मग सगळं दुसऱ्या कोऱ्या कपात ओता आणि पुन्हा एक मिनिट ढवळा. ओल्या रेघांचा त्रास या एका सवयीने जवळपास संपतो.

व्हॅक्युमखाली मिश्रण तीन-चार पट फुगतं, म्हणून कप पाव भागच भरा. ते फुगून एकदम खाली बसलं की आणखी एक मिनिट ठेवून हवा सोडा. एसी दुरुस्त करणाऱ्यांकडचा पंप या कामाला उत्तम. भांडं मात्र जाड बुडाचा प्रेशर कुकर आणि वर १२ मिमी ॲक्रिलिकचं झाकण असं करा. काचेची बरणी वापरू नका, ती आतल्या बाजूला फुटते आणि काचा लांबवर उडतात.

साचा किंचित तिरका ठेवा आणि एकाच कोपऱ्यातून, वीतभर उंचीवरून बारीक धारेने ओता. धार पातळ होताना तिच्यातले उरलेले बुडबुडे फुटतात. आधी डबा निम्मा भरा, मग गाभा एका टोकाकडून हळूहळू टेकवा. दोन्ही टोकं एकदम दाबली तर दातांखाली हवा अडकते. साचा टेबलावर टकटक करा, वर आलेले बुडबुडे टाचणीने फोडा. चार तासांनी गाभा काढताना आधी कडेने साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडा. ओढताना घाई केली तर पातळ भिंत फाटते आणि ती चीर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही.

द्रव तार

ताणली तरी न तुटणारी वाहिनी म्हणून गॅलियम-इंडियमचा मिश्रधातू घ्यायचा: वजनाने ७५.५ टक्के गॅलियम, २४.५ टक्के इंडियम. तो १५.५ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ द्रवच असतो. (नुसतं गॅलियम २९.८ अंशांना वितळतं, त्यामुळे मे महिन्यात जळगावात त्याची बाटली कपाटात आपोआप द्रव होते. तेवढ्यावर विसंबून इंडियम वाचवू नका, जानेवारीत फसाल.) धुळ्याच्या हिवाळी पहाटे मिश्रधातूही गोठू शकतो. तो द्रव झाल्याची खात्री होईपर्यंत पट्टी ओढू नका.

दहा ग्रॅम बनवायला ७.५५ ग्रॅम गॅलियम आणि २.४५ ग्रॅम इंडियम काचेच्या छोट्या बाटलीत घ्या आणि बाटली ७०-८० अंशांच्या पाण्यात ठेवून काचेच्या काडीने हलवत राहा. इंडियम स्वतः १५६ अंशांना वितळतं, पण द्रव गॅलियममध्ये ते कमी तापमानालाही विरघळतं. पितळ, तांबं आणि विशेषतः ॲल्युमिनियम लांब ठेवा. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला किंवा लॅपटॉपच्या कव्हरला गॅलियम लागलं तर धातू आतून भुसभुशीत होतो. सोन्यातही ते शिरतं, म्हणून अंगठी काढून ठेवा आणि मघाचा काटा सराफाचा असेल तर तो पुसून परत करा.

पट्टी इकोफ्लेक्सची, १०० मिमी लांब, १२ मिमी रुंद. साच्यात अर्ध्या मिमीच्या उंचवट्याची यू आकाराची रेघ ठेवायची, जाऊन-येऊन २०० मिमी. दोन्ही टोकांना २ मिमी व्यासाचं गोल तळं. पहिला थर दीड मिमी ओता, बसू द्या, सोडवा. आता त्यावर झाकण बसवायचं आहे आणि बहुतेकांची पट्टी इथेच बाद होते. ओलं सिलिकॉन जास्त झालं तर ते वाहिनीत शिरून ती बंद करतं, कमी पडलं तर धातू थरांमधून बाहेर झिरपतो. यातून वाट अशी: सपाट काचेवर १ मिमी इकोफ्लेक्स पसरा आणि ते बोटाला दोर निघण्याइतकं चिकट होईपर्यंत थांबा. २३ अंशांना याला साधारण तास-सव्वा तास लागतो, उन्हाळ्यात फारच कमी, म्हणून घड्याळावर न जाता दर पाच मिनिटांनी कोपऱ्यात काडी लावून बघा. मग वाहिनीची बाजू खाली करून पहिला थर त्यावर अलगद टेका. दाबायचं नाही, त्याच्या वजनाने जेवढं बसेल तेवढं बसू द्या.

भरायला दोन सुया लागतात, २७ गेजच्या. एक तळ्यात खुपसून तिला द्रव धातू भरलेली सिरिंज, दुसऱ्या तळ्यात रिकामी सुई हवा निघायला. वाहिनीत मावतो फक्त ०.०५ मिलीलीटर, म्हणजे सुमारे ०.३ ग्रॅम. दाब सावकाश वाढवा. धातूवर हवेतल्या ऑक्सिजनने काही नॅनोमीटरची साय धरलेली असते. तिच्यामुळे सुरुवातीला काहीच सरकत नाही, साय फुटली की एकदम धावतं. नेमक्या त्या क्षणी अंगठा जोरात दाबलेला असेल तर झाकण सुटतं. दुसऱ्या सुईतून चकचकीत थेंब दिसला की थांबा.

प्रत्येक तळ्यात दोन तारा घाला: एक विजेचा प्रवाह नेणारी, एक मोजणारी. का ते पुढे येतंच. सिलिकॉनचं आवरण असलेली, बारीक धाग्यांची मऊ तार घ्या, पीव्हीसीच्या आवरणाला सिलिकॉन चिकटत नाही. छिद्रावर इकोफ्लेक्सचा थेंब. बाहेर आलेली तार सरळ नेऊ नका. तिला नागमोडी वळण द्या आणि पहिले १० मिमी ड्रॅगन स्किनच्या छोट्या ठोकळ्यात पुरा. तिथून ती कापडाच्या फितीवर आणि मगच कडक चिमट्यात. मऊपासून कडकपर्यंत असा पायऱ्यापायऱ्यांनी उतार दिला की ताण एका जागी साठत नाही. गॅलियम तांब्यात हळूहळू मुरतं, त्यामुळे ही टोकं कायमची नसतात. काही महिन्यांनी आकडे उड्या मारायला लागले तर आधी टोकंच तपासा.

तळ आणि मुख्य जोड

बोट वाकायचं तर एक बाजू ताणली जाता कामा नये. त्यासाठी तळात मांजरपाटाची पट्टी घाला, १०० बाय १८ मिमी, धुऊन खळ काढलेली. खळ राहिली तर सिलिकॉन धाग्यांत शिरत नाही आणि कापड थरासारखं सुटून येतं. थाळीत १ मिमी ड्रॅगन स्किन ओता, कापड त्यात बुडवा, रोलरने हवा काढा. ते बसलं की त्यावर द्रव तारेची पट्टी ओल्या सिलिकॉनच्या पातळ थराने चिकटवा.

पट्टी कापडाच्या वर, कप्प्यांच्या बाजूला हवी. वाकताना कापडाची लांबी बदलत नाही. त्यापासून जेवढं दूर, तेवढा ताण जास्त. वाहिनी कापडापासून २ मिमी वर असेल आणि बोट ४० मिमी त्रिज्येने वाकलं तर ताण २ भागिले ४०, म्हणजे ५ टक्के. वाहिनी कापडातच पुरली तर सेन्सर काही सांगणारच नाही.

आता वरचं अंग तळावर बसवायचं. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. तळावर अर्धा मिमी ताजं ड्रॅगन स्किन पसरा, दहा मिनिटं थांबा, मग वरचं अंग ठेवा. कप्प्यांमधली २ मिमीची वाट बुजू नये म्हणून मधली ३ मिमीची पट्टी जवळजवळ कोरडी ठेवा आणि कडांना भरपूर लावा. बाहेरच्या सांध्यावर बोटाने गोलाई देऊन एक फेरी फिरवा. हातात वेळ असेल तर वरचं अंग ओतल्यावर ते पूर्ण बसायच्या आत, अजून किंचित चिकट असतानाच जोडा. तेव्हाची पकड पूर्ण बसलेल्या दोन तुकड्यांपेक्षा पुष्कळ पक्की असते.

दुकानातलं आंबट वासाचं सिलिकॉन सीलंट दुरुस्तीला चालतं, पण तारांजवळ नको. त्यातून सुटणारं ॲसिटिक ॲसिड तांबं खातं. तिथे वास नसलेलं न्यूट्रल सीलंट घ्या.

हवा

नळीसाठी ठिबकची मायक्रोट्यूब घ्या, आतून ४ आणि बाहेरून ६ मिमी. टी, जॉइनर, एंडकॅप सगळं गावच्या ठिबकच्या दुकानात मिळतं. ठिबकची लॅटरल एक बारच्या, म्हणजे १०० किलोपास्कलच्या आसपास चालते. आपल्याला त्याच्या निम्मंही लागत नाही. ही नळी पॉलिथिनची असल्याने सिलिकॉन तिला चिकटत नाही. म्हणून बोटात थेट नळी न घालता काटेरी जॉइनर घाला, भोक त्याच्यापेक्षा १ मिमी लहान ठेवा आणि बाहेरून झिपटाय आवळा, टायखाली कापडाची घडी देऊन. नुसता टाय सिलिकॉन कापतो.

पहिली चाचणी पंपाने करू नका. ब्लड प्रेशरच्या यंत्राचा रबरी फुगा आणि गोल घड्याळ लावा. ३०० मिमी पाऱ्यापर्यंतची खूण म्हणजे ४० किलोपास्कल, आणि साडेसात मिमी म्हणजे एक. बोट पाण्याच्या पातेल्यात बुडवा आणि ५ किलोपास्कलवर बुडबुडे बघा. मग पाच-पाचने चढत जा, प्रत्येक ठिकाणी बोटाची बाह्यरेषा मागच्या कागदावर पेन्सिलने काढा. एखादाच कप्पा इतरांच्या आधी फुगला तर त्याची भिंत पातळ आहे, तिथेच थांबा. सगळे सारखे फुगले आणि तरी वाकणं कमी वाटलं तर पुढचं बोट १ मिमीच्या भिंतीचं करा, दाब वाढवत सुटू नका. फुग्याचं रबर लॅटेक्सचं असू शकतं, ओल्या सिलिकॉनजवळ तो आणू नका.

हे जमलं की १२ व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप, प्रत्येक बोटाला एक सोलेनॉइड (विजेने उघडणारा) व्हॉल्व्ह, तो चालू-बंद करायला आयआरएलझेड-४४एन मॉस्फेट आणि प्रत्येक कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड लावा. दाब मोजायला एमपीएक्स-५१०० घ्या. तो ० ते १०० किलोपास्कल मोजतो, शून्यावर ०.२ व्होल्ट आणि पुढे दर किलोपास्कलला ४५ मिलीव्होल्ट देतो. अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर २५ किलोपास्कलचा आकडा २७१ च्या आसपास येतो. २४ किलोपास्कलच्या खाली पंप चालू, २६ च्या वर बंद, एवढा साधा नियम पुरतो. हवेच्या नळीवर ठिबकचा एक एंडकॅप सुईने टोचून कायमची बारीक गळती ठेवा. प्रोग्रॅम अडकला तरी बोट फुटत नाही.

वाकणं मोजणं

२०० मिमी लांब, अर्धा बाय अर्धा मिमी वाहिनीचा रोध ०.२३ ओहमच्या आसपास भरतो. मल्टिमीटरच्या प्रोबचाच रोध कधी कधी याहून जास्त असतो. म्हणून चार तारा: दोन प्रवाहाच्या, दोन मोजण्याच्या. उनोची एक पायरी ४.९ मिलीव्होल्टची, आपला बदल त्याहून लहान, त्यामुळे नेहमीचा व्होल्टेज डिव्हायडर इथे कुचकामी.

वजनकाट्यातलं एचएक्स-७११ मॉड्यूल वापरा. पाच व्होल्टपासून ४७ ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर, मग सेन्सर, मग पुन्हा ४७ ओहम, मग ग्राउंड. प्रवाह ५३ मिलीअँपिअर, सेन्सरवर साडेबारा मिलीव्होल्ट. दोन रेझिस्टर मुद्दाम आहेत: मॉड्यूलला इनपुट पुरवठ्याच्या मध्याजवळ लागतो, ग्राउंडला टेकलेला चालत नाही. गेन (मॉड्यूल इनपुट किती पट वाढवतं ते) ६४ ठेवा. १२८ ला मर्यादा २० मिलीव्होल्टच्या आत येते आणि जास्त ताणलं की आकडा छताला जाऊन बसतो.

वाहिनी लांब होते तशी बारीकही होते, म्हणून रोध (१ + ताण) च्या वर्गाने वाढतो. १० टक्के ताणाला १.२१ पट, ३० ला १.६९, ५० ला २.२५. पट्टी बोटात घालण्याआधी दोन चिमट्यांत धरून पट्टीच्या बाजूला फूटपट्टी ठेवा आणि दर १० टक्क्यांना चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा आकडा लिहा. त्याआधी वीसेक वेळा ओढून सोडा. नवं सिलिकॉन पहिल्या काही ताणांत मऊ पडतं आणि त्या वेळचे आकडे पुढे जुळत नाहीत. हिशेबापेक्षा आकडे सतत कमी आले तर चिमट्यात पट्टी सरकते आहे. एकदम अनंत झाले तर वाहिनीत हवेचा बुडबुडा आहे, भरताना घाई झाली होती.

बोटात बसवल्यावर एक गुंता वाढतो. कप्प्यांतली हवा वाहिनीलाही दाबते आणि बोट न वाकताही रोध वाढतो. बोट सपाट फळीवर बांधून १०, २०, ३० किलोपास्कलला आकडे घ्या. ती केवळ दाबाची वाढ, नंतर वजा करायची. ही पायरी गाळली तर ‘वांगं पकडलं’ आणि ‘नुसती हवा भरली’ यातला फरक सेन्सरला कळत नाही.

तीन बोटं, एक वांगं

बोटं १२० अंशांवर, ६५ मिमी व्यासाच्या वर्तुळावर, तळाची बाजू आत करून. बोटाचं मूळ प्लास्टिकच्या खोबणीत १५ मिमी खोल बसवा आणि खोबणीची कड गोल करा. तीक्ष्ण कडेवर दर वाकण्याला घासून बोट मुळाशीच कापलं जातं.

पाव किलोचं वांगं घ्या, देठ वर. दाब पाच-पाचने वाढवत कोणत्या आकड्याला ते सुटत नाही हे बघा आणि त्याच्या वर फक्त ३ किलोपास्कल ठेवा. गुळगुळीत सालीवर मऊ सिलिकॉनची पकड चांगली बसते, पण साल ओली असेल तर घसरते. पॅकहाउसमध्ये केळीच्या फण्या तुरटीच्या पाण्यातून निघतात, तिथे हीच अडचण येते. बोटाच्या आतल्या बाजूला १ मिमीच्या आडव्या रेघा साच्यातच ठेवल्या की पाण्याला निघायला वाट मिळते. पूर्ण फणी दोन किलोच्या पुढे जाते, ती या मापाच्या बोटांना झेपणार नाही. सुटं केळं किंवा तीन-चारचा झुबका एवढ्यावरच थांबा. उचललेली केळी खूण करून एक दिवस ठेवा आणि मगच डाग तपासा.

शंभर वेळा उचलल्यावर बोटं काढून पाण्यात पुन्हा गळती बघा. पहिली गळती बहुधा तीनपैकी एका जागी सापडेल: जॉइनरच्या तोंडाशी, खोबणीच्या कडेला किंवा तळाच्या सांध्यावर शेवटच्या कप्प्यापाशी. जागा अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळवा, चिरेच्या दोन्ही टोकांच्या पुढे ५ मिमीपर्यंत ताजं ड्रॅगन स्किन लावा आणि बोट किंचित वाकवलेल्या स्थितीत बांधून चार तास ठेवा, म्हणजे चीर उघडी राहून सिलिकॉन तिच्यात उतरेल. १.२ मिमीच्या भिंतीतली चीर मात्र अशी बुजत नाही, त्याला नवं बोट ओतावं लागतं.